‘बरं झालं’ कोणी म्हणावं?

वीस राजमे आणि दोन स्टीलच्या वाट्या. डाव्या वाटीतला दाणा उचलायचा आणि उजव्या वाटीत टाकायचा, तोही उजव्याच हाताने, कारण लकवा त्या बाजूला मारून गेला होता. पहिल्या दिवशी अण्णांना एकही दाणा उचलता आला नाही. बोटं दाण्यापर्यंत पोचायची, पण अंगठा समोर यायचा नाही. दाणा वाटीच्या कडेने थोडा वर सरकायचा आणि घसरून पुन्हा तळाशी. व्यायाम घ्यायला येणारी मुलगी जेमतेम पंचविशीची. ती म्हणायची, “काका, घाई नाही. उद्या परत.”

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, भुसार दुकान होतं. सोलापूर जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात चाळीसेक वर्षं त्यांनी तराजू धरला. मूठभर ज्वारी हातात घेऊन तिच्यात ओल किती आहे ते सांगायचे. पोत्याच्या तोंडाशी चांगला माल आणि खाली कचरा असल्याचा संशय आला, तर कोपरापर्यंत हात खुपसून तळाची मूठ वर काढायचे आणि विकणाऱ्यासमोर उघडून धरायचे, एक शब्द न बोलता. तो हात आता एका राजम्याशी झटत होता.

सातव्या आठवड्यात वीसही दाणे पलीकडे गेले. पाऊण तास लागला. अण्णांनी रिकामी वाटी डाव्या हाताने उपडी केली आणि जड जिभेने म्हणाले, “बरं झालं.” मला वाटलं, दाण्यांबद्दल बोलताहेत. त्यांनी मान हलवली. “दाण्याचं नाही रे. हे. हे सगळं.” हनुवटीने त्यांनी हात दाखवला, पाय दाखवला, पलंगाला टेकवलेली चौपायी काठी दाखवली.

मला राग आला. २००९च्या पावसाळ्यापासून आम्ही जे काही केलं होतं, रात्री-अपरात्री उठणं, कर्ज काढणं, आईने त्यांना बगलेत धरून मोरीपर्यंत नेणं, त्या सगळ्यावर या माणसाने दोन शब्दांत देवाचा शिक्का मारून टाकला होता. तेव्हा मी काही बोललो नाही. पण तो राग वर्षभर माझ्याजवळ राहिला आणि त्याने मला बरंच काही वाचायला लावलं.

मराठीने ‘बरं’ या शब्दाला फार राबवून घेतलंय. आजारी माणूस बरा होतो. उठताना पाहुणा “बरं, येतो” म्हणतो. पटलं नाही आणि भांडायचंही नसलं, तर आपण नुसतं “बरं” म्हणतो. आणि कुणाची फजिती झाली की “बरं झालं, जिरली!” हे तर तोंडात तयारच असतं. शब्द तेच दोन. बोलणाऱ्याचं स्वतःचं काही मोडलेलं असेल तर त्यांत कृतज्ञता असते, दुसऱ्याचं मोडलेलं असेल तर सूड असतो. स्वतःच्या पडझडीला बरं म्हणणारा संत असू शकतो. दुसऱ्याच्या पडझडीला बरं म्हणणारा फार तर शेजारी.

देव ज्याला आपला मानतो त्याला शिस्त लावतो आणि त्या शिस्तीतच त्याची कृपा असते, असं बहुतेक धर्मपरंपरा या ना त्या शब्दांत सांगतात. हे खोटं आहे असं म्हणायला मी धजणार नाही, कारण माझ्यासमोर एक माणूस वीस दाणे उचलून ते म्हणाला होता. पण माझ्या मते हे वाक्य फक्त प्रथमपुरुषी आणि भूतकाळातच खरं ठरतं. “तुझं बरं झालं” किंवा “तुझं बरं होईल” असं केलं की त्याचा अर्थच नासतो.

लकव्यानंतर महिनाभर घरात माणसांची रीघ होती. त्यात गावाकडचे एक गृहस्थ आले. माळकरी, वयाने अण्णांच्या बरोबरीचे, मनाने वाईट नव्हेत. पलंगाच्या कडेवर बसून त्यांनी सांगितलं की देव आपल्या माणसाचीच परीक्षा घेतो. शिवाय धंद्यात कळत-नकळत मापात पाप होतंच, ते इथल्या इथे फिटलं तर पुढचं ओझं हलकं. अण्णा भिंतीकडे बघत राहिले. आई चहाचे कप घेऊन दारापर्यंत आली होती, ती तशीच मागे फिरली. त्या दिवशी अण्णांनी वाट्यांना हातही लावला नाही.

बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकात हे गृहस्थ मला पुन्हा भेटले. तिथे त्यांचं नाव अलीफज. ईयोबाची गुरंढोरं गेली, सात मुलगे आणि तीन मुली एकाच घराखाली गाडल्या गेल्या, अंगभर फोड उठले आणि तो राखेत बसून खापराने अंग खाजवू लागला. तेव्हा त्याचे तीन मित्र भेटायला आले. आधी सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, कुणी अवाक्षर काढलं नाही. सबंध पुस्तकात त्या तिघांनी केलेलं चांगलं काम एवढंच. मग अलीफजाने तोंड उघडलं आणि अगदी सुरुवातीच्याच भाषणात ईयोबाला ऐकवलं की देव ज्याला शासन करतो तो माणूस धन्य, तेव्हा ही शिस्त झिडकारू नकोस.

यात गंमत अशी की हा उपदेश बायबलच्या दृष्टीने मुळीच पाखंड नाही. नीतिसूत्रांच्या पुस्तकात, तिसऱ्या अध्यायात, बाप मुलाला जवळजवळ हेच सांगतो आणि तिथे ते शहाणपण म्हणून शोभतं. अलीफजाच्या तोंडी तेच आलं, तर पुस्तकाच्या शेवटी देव त्याला सांगतो की तुझ्यावर आणि तुझ्या दोघा मित्रांवर मी संतापलो आहे. सात गोऱ्हे आणि सात मेंढे घेऊन त्यांना ईयोबाकडे जावं लागतं, आणि ज्याला उपदेश केला त्यानेच त्यांच्यासाठी प्रार्थना करायची असते. हे वाचताना मला फार बरं वाटलं, हे कबूल करतो. कोणत्या अर्थाने बरं, ते विचारू नका.

मोठ्या माणसांच्या हातूनही हे झालेलं आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळ हादरलं. मुंगेर आणि मुजफ्फरपूर ही शहरं कोसळली, हजारो माणसं ढिगाऱ्याखाली गेली. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतेविरुद्धच्या दौऱ्यावर दक्षिणेत होते. २४ तारखेला तिरुनेलवेलीत ते म्हणाले की हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवाने केलेली शिक्षा आहे. रवींद्रनाथ ठाकुरांना हे सोसलं नाही. अस्पृश्यतेचा तिटकारा त्यांना गांधींइतकाच होता. पण भूकंपाची कारणं भौतिक असतात, आणि निसर्गाच्या उत्पातांना नीतीचा हिशेब चिकटवला तर उद्या विरोधकही त्याच न्यायाने तुमच्याकडे बोट दाखवतील, हा त्यांचा आक्षेप. फेब्रुवारीत ‘हरिजन’मध्ये तो छापला गेला, गांधींच्या उत्तरासह.

मी अर्थातच ठाकुरांच्या बाजूचा. तरी गांधींना अलीफजाच्या रांगेत बसवताना हात अडखळतो. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा एक बारीक फरक आहे, इंग्रजीत तो नाही. गांधी जे बोलत होते ते ‘आपण’ या अर्थाने. पाप करणाऱ्यांत त्यांनी स्वतःला धरलं होतं. तुम्हाला शिक्षा झाली असा त्यांचा सूर नव्हता. पण मुंगेरच्या विटांखाली ते नव्हते, आणि जे होते त्यांत ज्यांच्यावर अन्याय झाला तेही होते. ‘आपण’मध्ये स्वतःला घेणं हे मोठं मन झालं, पण तेवढ्याने दुसऱ्याच्या वतीने बोलायचा अधिकार येत नाही.

मग जो स्वतःच्या तोंडाने ‘बरं झालं’ म्हणतो, तो नेमकं कशाला बरं म्हणतो? लकव्याला? दुष्काळाला?

‘शिक्षा’ या शब्दाने मला इथे थोडी वाट दाखवली. मराठीत शिक्षा म्हणजे दंड, आणि शिक्षण निराळं. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणं-शिकवणंच. वेदांगांतलं पहिलं अंगही शिक्षाच, उच्चाराचं शास्त्र. शब्द आला ‘शक्’ धातूपासून. त्याला इच्छेचा प्रत्यय लागून ‘शिक्ष्’ झाला. म्हणजे मुळात शिक्षा ही शक्य व्हावं अशी इच्छा. जमावं असं वाटणं. वाटीवर वाकलेल्या अण्णांच्या कपाळावर मी जे पाहत होतो त्याला याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही.

योगायोगाची गोष्ट अशी की ग्रीक भाषेतही हा रस्ता याच वळणाने जातो. बायबलच्या नव्या करारात इब्री लोकांना लिहिलेलं एक पत्र आहे. देवाच्या शिस्तीबद्दल ख्रिस्ती मंडळी जे बोलतात त्यातलं पुष्कळसं त्याच्या बाराव्या अध्यायातून येतं. तिथे शिस्तीसाठी योजलेला शब्द ‘पायदेया’, म्हणजे मूल वाढवणं, त्याला वळण लावणं. आणि त्या शिस्तीचं फळ कोणाला मिळतं, तर तिच्यात जे तयार झाले त्यांना. हे ‘तयार होणं’ सांगणारं क्रियापद आखाड्यातलं आहे, ज्यातून ‘जिम्नॅशियम’ शब्द आला तेच. लिहिणारा प्रामाणिक आहे. शिस्त चालू असताना ती दुःखाचीच वाटते, गोड लागते असं तो म्हणत नाही. फळाची गोष्ट तो ‘नंतर’ या शब्दावर ठेवतो.

मला यातून उलगडलं ते असं. झटका काहीही शिकवत नाही. मेंदूतल्या एका नळीत रक्ताची गुठळी अडकली आणि काही पेशी मेल्या, यात कसला आला धडा? धडा होता राजम्यात. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण तीच हालचाल शंभर वेळा, हजार वेळा करत राहिलं, तर शेजारच्या पेशी ते काम थोडंफार उचलायला शिकतात. हे त्या पंचविशीतल्या मुलीने आम्हाला समजावलं होतं. देवाला शोधायचंच असेल तर मी गुठळीत शोधणार नाही. “उद्या परत” म्हणणाऱ्या त्या आवाजात कदाचित शोधीन.

इथे कुणी म्हणेल, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. ही म्हण मला लहानपणापासून पाठ आहे आणि अलीकडे ती ऐकली की मला घाव सोसून मूर्ती झालेल्या दगडापेक्षा फुटलेले दगड जास्त आठवतात. टाकी लागून जो दुभंगतो त्याची खडी होते. ती रस्त्यावर पसरतात. तिच्याविषयी आपल्या भाषेत म्हण नाही. दुःखाने माणूस मोठा होतो असं सांगणारी पुस्तकं आता रेल्वे स्टेशनवरही मिळतात. ती लिहिणारे सगळे गाभाऱ्यातले.

आणि तरीही तुकाराम आहेत. त्यांना टाळून या विषयावर मराठीत चार ओळी लिहिता यायच्या नाहीत.

१६०८ हे जन्मवर्ष धरलं तर दुष्काळ पडला तेव्हा तुकाराम बाविशीचे होते. घरी महाजनकी, दुकान, सावकारी. वडील बोल्होबा आणि आई कनकाई आधीच गेलेले, थोरला भाऊ सावजी बायको वारल्यावर घर सोडून निघून गेलेला. १६३० साली दख्खनेत आणि गुजरातेत पाऊस गेला. त्या साली सुरतेहून आग्र्याला निघालेल्या पीटर मंडी नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने वाटेवर पडलेल्या प्रेतांची वर्णनं लिहून ठेवली आहेत. पण आभाळ हे एकच कारण नव्हतं. शाहजहानची फौज तेव्हा दख्खनच्या मोहिमेवर बुऱ्हाणपूरला तळ देऊन होती आणि फौजेला धान्य लागतं. इकडे त्याच सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणं जाळून गाढवाचा नांगर फिरवला होता. त्या बुऱ्हाणपूरच्या तळावर १६३१च्या जूनमध्ये मुमताज बाळंतपणात गेली. एकाच दुष्काळाच्या पोटात दोन पुरुषांच्या बायका गेल्या. एकीसाठी ताजमहाल झाला. देहूच्या रखुमाबाईचं स्मारक म्हणजे नवऱ्याच्या एका अभंगातला अर्धा चरण. त्यात ती उपाशी, अन्नासाठी टाहो फोडत गेली एवढंच आहे. पाठोपाठ मुलगा संतू गेला.

गाथेत एक अभंग आहे, ज्यात तुकाराम आपल्या दिवाळखोरीपासून दुष्काळापर्यंत आणि लोकांत झालेल्या अपमानापासून दुसऱ्या बायकोच्या तिखट जिभेपर्यंत सगळ्याला बरं झालं म्हणतात. तो प्रसिद्ध आहे, कीर्तनात हमखास येतो. दुसरा एक आहे, तो जरा कमी गायला जातो. त्यात बाप, बायको, मूल आणि आई या चौघांच्या मरणाची नोंद आहे आणि सगळ्या नोंदी देवाच्या जमेच्या बाजूला टाकलेल्या आहेत. आता तू आणि मी, मध्ये तिसरं कुणी नाही, असा त्याचा भाव.

हा अभंग मला आजही स्वस्थपणे वाचता येत नाही. वैराग्याचा उत्कर्ष म्हणून त्याची वाहवा करणाऱ्या निरूपणकारांनी, मला वाटतं, तो फार लवकर मिटून ठेवला. मला त्यात वाण्याची लेखणी दिसते. वसूल व्हायची आशाच उरली नाही अशी रक्कम व्यापारी शेवटी बुडीत खाती टाकतो. ते टाकताना तो आनंदाने हसत नसतो. त्यात आभार असतील तर आरोपही तितकाच आहे. सगळं घेतलंस ना, आता माझ्यापासून तू तरी कसा सुटतोस?

पण महत्त्वाचं पुढे आहे. भंडाऱ्याच्या डोंगरावरून खाली आल्यावर तुकारामांनी देहूच्या कुणब्यांना जमवून दुष्काळ कसा बरा झाला ते सांगितलं नाही. परंपरा सांगते की त्यांनी घरातली कर्जखतं बाहेर काढली, निम्मी धाकट्या भावाला, कान्होबाला, त्याच्या वाटणीची म्हणून दिली आणि आपल्या वाटणीची इंद्रायणीत बुडवली. या कृतीकडे मी पुन्हा पुन्हा जातो. भावाची खतं त्यांनी बुडवली नाहीत. दुसऱ्याच्या वतीने उदार होणं आणि दुसऱ्याच्या दुःखाला बरं म्हणणं, दोन्हींत परक्याच्या मालावर हात टाकणं आहे आणि त्यांनी दोन्ही टाळलं. आपलं नुकसान आपण बरं म्हणून स्वीकारलं, आणि जो दुष्काळ आपल्याला मारून गेला तोच ज्यांनाही मारून गेला होता त्यांच्या डोक्यावरचा आपल्याकडून पडणारा भार उतरवला. एखाद्याला झालेली शिक्षा देवाची होती की नाही याची पारख करायची असेल, तर मला एवढं एकच माप विश्वासाचं वाटतं. तिच्यामुळे आणखी कुणाचं खत पाण्यात गेलं का?

याची दुसरी बाजू तुकारामांच्या त्या दुसऱ्या बायकोची, जिजाबाईची, म्हणजे आवलीची. रोज भाकरी बांधून ती भंडारा चढायची आणि चढताना विठ्ठलाला शिव्या घालायची. तिच्या पायात काटा रुतल्याची आणि विठ्ठलाने तो काढल्याची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. कथेत तो काटा निघतो, पण घरात दाणा नसतो तो नसतोच. देव एकाला शिस्त लावतो आणि तिचा खर्च बहुतेक वेळा दुसऱ्याने भरलेला असतो. वारकरी परंपरेचा मोठेपणा असा की तिने आवलीचं तोंड बंद केलं नाही. ती ‘बरं झालं’ म्हणाल्याचं कुणी रचून घातलेलं निदान माझ्या वाचनात नाही. माझ्या आईचे गुडघे त्या दोन वर्षांत कायमचे गेले. तिनेही ते शब्द कधी उच्चारले नाहीत, आणि अण्णांनी तिच्याकडून कधी त्यांची अपेक्षाही केली नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण द्यायचा मोह मला आवरत नाही, कारण दुष्काळाला दुष्काळ जोडून त्यांनी जे केलं ते या मापाला तंतोतंत उतरतं. १८७४च्या आसपास दक्षिणेतल्या उपासमारीत त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, मग आई, मग थोरली बहीण अशी काही महिन्यांच्या अंतराने गेली. उरलेली दोघं भावंडं पायी देश तुडवत उत्तरेला निघाली. झेलमच्या काठी थंडीत पांघरायला काही नव्हतं, म्हणून दोघांनी वाळूत खड्डे केले, त्यात आडवी झाली आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली. हे रमाबाईंनी स्वतःच सांगितलं आहे. वीसेक वर्षांनी, १८९६-९७च्या दुष्काळात, त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली आणि विधवा आपल्याबरोबर घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातून वाढलं. भूक म्हणजे काय ते मला माहीत आहे, हेच त्यांनी जाण्याचं कारण दिलं. ख्रिस्ती झालेल्या या बाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं. ईयोब आणि इब्री लोकांना लिहिलेलं पत्र, दोन्ही त्यांच्या हाताखालून शब्दशः गेलं. १९२२मध्ये त्या वारल्या. त्याच्या आदल्या वर्षी त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली होती. वाळूतल्या त्या रात्रीला त्यांनी कृपा म्हटलं तर ऐकणाऱ्याने मान खाली घालावी. आपण मात्र ते वाक्य उचलून आजच्या कुठल्या उपाशी पोरीला ऐकवू नये.

अण्णांनी ‘बरं झालं’चा उलगडा केला तो फार पुढे, दुसऱ्या वर्षी. बोलणं तोवर बरंच स्पष्ट झालं होतं. बोलता बोलता १९७२चा दुष्काळ निघाला. माझ्या आठवणीत त्यातलं फक्त लाल मिलोची भाकरी आणि शाळेत मिळणारी सुकडी एवढंच आहे. १९७३च्या मेमध्ये महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, हे मी नंतर वाचलं. अण्णा म्हणाले, त्या उन्हाळ्यात एक बाई दुकानात आली. दोन पोरं, एक कडेवर. पायलीभर ज्वारी उधार मागत होती. “मी म्हणालो, माल नाही.” ते थांबले. “माझ्या पाठीमागं अकरा पोती होती. तिला दिसत होती. भाव चढत होता रे.” मग ती काय म्हणाली, असं मी विचारलं. “म्हणाली, बरं. आणि गेली.”

अंथरुणावर पडून पाणी मागावं लागलं, भांडं मागावं लागलं, कूस बदलून मागावी लागली, तेव्हा मागताना माणसाचं तोंड कसं होतं ते आतून कळलं, असं ते म्हणाले. तोवर ते फक्त गल्ल्यावरून पाहिलं होतं. ‘बरं झालं’ ते एवढ्यापुरतं. देवाचं नाव त्यांनी त्यात घेतलं नाही. मीच ते त्यांच्या तोंडी घातलं होतं आणि वर्षभर रागावून बसलो होतो. अकरा हा आकडा ते छत्तीस-सदतीस वर्षं सांभाळून होते. बाईचं नावही सांगितलं. जाऊन ये, असं म्हणाले नाहीत.

मी गेलो, पुढच्या उन्हाळ्यात. बरोबर काही नेलं नाही. पायलीभर ज्वारी न्यावी असं एकदा मनात आलं आणि त्याची लाजच वाटली. गावाबाहेरच्या वस्तीवर पत्र्याचं घर होतं, दारात शेळी. सत्तरीच्या पुढची बाई. कोणाचा मुलगा ते सांगितल्यावर तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“त्या दुकानातनं निघाले ती सरळ खडीवर गेले,” ती म्हणाली. “थोरलं पोरगं बी फोडायचं माझ्यासंगं.” आवाजात राग नव्हता, माफीही नव्हती. हाताची बोटं सांध्यांत वाकडी झालेली. नातीला तिने चहा टाकायला सांगितलं.

अण्णांना तुम्ही आठवता, असं मी म्हणालो. त्यावर ती काहीच बोलली नाही. नातीने चहाबरोबर एका ताटलीत भाजलेले शेंगदाणे आणून ठेवले. बऱ्याच वेळाने म्हातारीने विचारलं, “लकवा मारला म्हनं. बरं हायेत का आता?”

“वीस दाणे उचलतात,” मी म्हणालो.

तिला कळलं नाही. मग मी चहाची बशी रिकामी केली, पुढे ओढली आणि ताटलीतले शेंगदाणे अंगठा आणि दोन बोटांत धरून एकेक करत बशीत टाकून दाखवले. सात-आठ झाले. ती बघत होती.

“बरं,” ती म्हणाली.